पुन्हा दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं तर: घरपोच याद्या, क्यूआर आणि बिलिंग नेमकं कसं लावायचं (सांगली-मिरज-सातारा)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मार्च २०२० च्या अखेरीस इस्लामपुरात कोरोनाची रुग्णसाखळी सापडली, तेव्हा जिल्ह्यातल्या बहुतेक छोट्या दुकानांकडं फोन आणि वही एवढंच साधन होतं. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत किराणा उघडा ठेवायला सकाळी ७ ते ११ एवढाच वेळ मिळाला, घरपोच द्यायला मात्र रात्री ८ पर्यंत परवानगी होती. या दोन वर्षांत जे लावलं गेलं त्यातलं काय टिकलं आणि काय मोडलं, हे एका जागी लिहून ठेवावं म्हणून हा धागा. पुढची साथ येईल तेव्हा शोधाशोध नको.

माझं ठाम मत असं की अडचण ऑर्डर घेण्यात कधीच नव्हती. ती माल भरण्यात होती. सरावलेल्या माणसाला वीस जिनसांची यादी भरायला दहा-बारा मिनिटं लागतात, त्यातला निम्मा वेळ सुटा माल जोखण्यात जातो. म्हणजे चार तासांत एक माणूस वीस-बावीस याद्या काढणार. व्हॉट्सअ‍ॅपवर साठ आल्या की उरलेल्या चाळीस घरांचे फोन सुरू. ज्यांनी दुपारीच साखर १ आणि ५ किलो, तूरडाळ अर्धा आणि १ किलो, शेंगदाणे अर्धा किलो, रवा-पोहे अर्धा किलो अशा पुड्या बांधून ठेवल्या, त्यांची यादी पाच-सहा मिनिटांत निघाली. आधी हे करा, मग फोनकडं वळा.

आता फोन. दुकानाचं सिम वेगळं आणि मालकाच्या नावावरच हवं. कामाला असलेल्या पोराच्या नंबरवर दुकान उभं केलं तर तो सोडून गेला की गिऱ्हाईकही गेलं, ओटीपीही गेला. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाकल्या टाकल्या सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी चालू करा. मूळ फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यातलं एक गल्ल्यावर आणि एक भरणीच्या टेबलावर पुरतं.

कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, पण तेवढ्या टाकू नका. किमान भाव बदलणाऱ्या वस्तूंची किंमत तरी रिकामी सोडा, तशी सोय आहे. २०२१ मध्ये खाद्यतेल इतकं चढत होतं की कॅटलॉगमधला आकडा आठवड्यात शिळा व्हायचा, आणि लोक तोच दाखवून भांडायचे. सत्तर-ऐंशी चालत्या वस्तू पुष्कळ झाल्या. बाकी गिऱ्हाईक कागदावर लिहून फोटोच पाठवतं, आणि ते बदलायला जाऊ नये.

फोटोतल्या यादीचा खरा धोका तुटक शब्दांचा. ‘साबू २’ म्हणजे साबुदाणा की साबण? नुसतं ‘पाव १’ म्हणजे लादी की पाव किलो, आणि पाव किलो तर कशाचं? ‘मि. पाव’ म्हणजे मिरची की मिरी? म्हणून भरायला घेण्याआधी यादी वाचून शंका एकाच मेसेजमध्ये विचारायच्या. दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर ती जिन्नस वगळायची, अंदाजानं भरायची नाही. परत आलेल्या मालाची एक फेरी अख्ख्या खेपेचा नफा खाते.

व्हॉट्सअ‍ॅपवर याद्यांना लावायची लेबलं चारच ठेवा: नवी, भरली, गेली, बाकी. रंग ठरलेले. ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात, त्यातलं पहिलं असं: ‘यादी मिळाली. दुपारी १ पर्यंतच्या याद्या आज संध्याकाळी, नंतरच्या उद्या.’ ही वेळेची रेघ पाळली नाही तर बाकी काहीच पाळता येत नाही.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ‘पाठवलं पण कुणाला मिळालंच नाही’ याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. बिलावर आणि पिशवीवर नंबर ठळक छापा. अनोळखी शेकडो नंबरांना एकाच दिवशी मेसेज टाकले तर नंबर बंद होऊ शकतो, आणि साथीच्या मध्यात दुकानाचा नंबर बंद होणं म्हणजे शटर पाडल्यासारखंच.

खेप भागवार काढा. गावभाग-खणभाग एक, विश्रामबाग-शंभर फुटी दुसरी. पिशवीवर आणि बिलावर एकच क्रमांक, जाड स्केचपेननं. तेल आणि साबण वेगळ्या पिशवीत. तिला ‘१७ अ’ लिहा, नाहीतर ती दुसऱ्याच घरी उतरते.

पैशांचं आणि बिलिंगचं जाणकारांनी लिहावं.

---

जमाखर्च

उत्तम मांडलंय. पैशांची बाजू लिहितो.

पहिलं म्हणजे स्वतःच्या वैयक्तिक यूपीआयचा क्यूआर दुकानात चिकटवू नका, व्यापारी क्यूआर घ्या. त्यावर दुकानाचं नाव दिसतं, रोजचा अहवाल निघतो, साउंडबॉक्स (पैसे जमा झाले की बोलून सांगणारं यंत्र) जोडता येतो. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही. क्रेडिट कार्ड जोडलेल्या यूपीआयचं वेगळं आहे, तिथं मोठ्या रकमेवर शुल्क कापलं जाऊ शकतं. अहवालात तो स्तंभ वेगळा बघा.

घरपोचमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक स्क्रीनशॉटनं झाली. हुबेहूब ‘पेमेंट यशस्वी’ दाखवणारी बनावट अ‍ॅप आहेत. नियम एकच: दारात उभ्या माणसानं गिऱ्हाइकाचा फोन बघायचा नाही, आपल्या व्यापारी अ‍ॅपमध्ये जमा दिसते का ते बघायचं. खेप घेऊन जाणाऱ्याला अ‍ॅपमध्ये कर्मचारी म्हणून जोडा. त्याला पैसे आलेले दिसतात, काढता येत नाहीत. बँकेच्या एसएमएसवर विसंबू नका. तो उशिरा येतो, लहान रकमेला कधी येतच नाही, आणि बनावटही पाठवता येतो.

गिऱ्हाइकाचे कापले आणि तुम्हाला आले नाहीत, असं झालं तर दोघांनीही बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून ठेवायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं व्यापाऱ्याला केलेल्या अशा यूपीआय व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत, त्यापुढं बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. म्हणून त्याच वेळी दुसऱ्यांदा पैसे पाठवायला लावू नका. बाकी म्हणून नोंदवा आणि सहाव्या दिवशी विचारा.

रक्कम आधीच भरलेला क्यूआर बिलावर छापला तर ४५० च्या जागी ४५ येत नाहीत. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. टीपेच्या रकान्यात बिल क्रमांक आला की संध्याकाळचा मेळ पंधरा मिनिटांत बसतो.

मेळ असा घालायचा: बिलांची बेरीज उणे उधारी, त्याची तुलना रोख अधिक क्यूआर जमा यांच्याशी. फरक आला तर आधी रात्री उशिराचे व्यवहार बघा. काही सेवांमध्ये पैसे दुसऱ्या दिवशी एकत्र खात्यात येतात, त्यामुळं बँकेचं पान आणि अ‍ॅपचं पान एका तारखेला कधीच जुळत नाही. मेळ अ‍ॅपच्या पानाशी घाला.

क्यूआरचं खातं वेगळं ठेवा आणि रोज रात्री त्यातली शिल्लक मुख्य खात्यात वळवा. कारण असं, की कुठंतरी सायबर फसवणुकीतला पैसा फिरत फिरत तुमच्याकडं पाच किलो साखरेचे म्हणून आला, आणि मूळ फसलेल्या माणसानं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तर बँक तुमच्या खात्यातली ती रक्कम, कधी अख्खं खातं, गोठवते. तेव्हा बिल आणि संदर्भ क्रमांक जोडीनं दाखवता आले तर सुटका लवकर होते.

---

शनिवार_पेठ

साताऱ्यातून विचारतो. जुन्या वाड्यांतल्या तळमजल्यावर साउंडबॉक्स बोलतच नाही किंवा पाच मिनिटांनी बोलतो. गिऱ्हाईक तोवर ताटकळतं. उपाय?

आणि कास-बामणोलीकडच्या गावांत यादी द्यायला नेटच नाही, तिथं काय करावं?

---

जमाखर्च

साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं, आणि ते ज्या कंपनीचं त्या कंपनीचा सिग्नल तुमच्या भिंतीच्या आत नसतो. दोन दगडी भिंती पुरे होतात. आधी यंत्र दाराच्या चौकटीवर लावून बघा, वायर लांब घेऊन. तिथं बोललं तर प्रश्न जागेचा. तरीही नाही तर सिम बदलून मागा किंवा वाय-फायवर चालणारं मॉडेल घ्या. बॅटरी उतरली की आवाजाआधी नेटवर्क जातं, हेही ध्यानात असू द्या.

नेट नसलेल्या गावांसाठी नेटशिवाय यूपीआय चालवायचा *९९# हा कोड आहे आणि मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आहे. २०२०-२१ मध्ये दुसरं नव्हतंच. पण अशा गावांत यादी फोनवर बोलूनच घ्यावी. एका वाडीतल्या एका घरानं सगळ्यांच्या याद्या एकत्र सांगायच्या, टेम्पो एकदाच जाणार, पैसे रोख. पाकिटात रक्कम मोजून, वर नाव लिहून. सुट्ट्यांचा घोळ आणि हाताळणी दोन्ही वाचतं. प्रत्येक ठिकाणी क्यूआर नेलाच पाहिजे असं नाही.

---

औषधमात्रा

मेडिकलवाल्यांचं वेगळं आहे, म्हणून वेगळं लिहिते.

२५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २६ मार्चला औषधं घरपोच देण्याची केंद्राची अधिसूचना. तिच्यातल्या अटी अजून कितीतरी जणांना माहीत नाहीत. चिठ्ठी ईमेलवर घ्यायची तर दुकानाचा ईमेल परवाना अधिकाऱ्याकडं नोंदवायचा. जुनाट आजाराची चिठ्ठी लिहिल्यापासून ३० दिवसांत, तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांत आलेली हवी. अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या कायद्यातली औषधं यात नाहीत. आणि देणं त्याच महसुली जिल्ह्यात.

ही शेवटची अट मिरजेला फार जड गेली. मिरजेच्या दवाखान्यांत अथणी, चिकोडीपासून रुग्ण येतात, जयसिंगपूर तर दहा-बारा किलोमीटरवर, पण जिल्हा कोल्हापूर. चिठ्ठी मिरजेची, दुकान मिरजेचं, घर मात्र जिल्ह्याबाहेर. तिथं रुग्णाच्या गावातल्या दुकानदाराशी बोलून, चिठ्ठी त्याच्याकडं पाठवून तिथूनच औषध देणं हाच नियमातला रस्ता होता. ती अधिसूचना साथीच्या काळासाठी काढलेली होती. पुढच्या वेळी नवीन आदेश वाचूनच सुरू करा.

चिठ्ठीचा फोटो चारही कोपरे दिसतील असा मागायचा: तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, रुग्णाचं नाव आणि वय. कापलेला फोटो आला तर परत मागा. नुसत्या रिकाम्या पाकिटाच्या फोटोवर चिठ्ठीची औषधं द्यायची नाहीत.

चुका कुठं होतात? टेल्मिसार्टन ४० आणि टेल्मिसार्टन अधिक हायड्रोक्लोरोथायाझाइड, दोन्हींची पाकिटं एकाच कंपनीची, दिसायला सारखी. भरणाऱ्यानं नाव, ताकद आणि गोळ्यांची संख्या मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं बिलावर बोट ठेवून ऐकायचं. माणूस एकच असेल तर पाकिटांचा फोटो रुग्णाला पाठवून मगच पिशवी बंद करा.

इन्सुलिनला दोन धोके. एक, कुपी मिलिलिटरला ४० युनिटची आणि सिरिंज १०० ची गेली की मात्रा चुकते. सिरिंजची लाल टोपी ४० ची, केशरी १०० ची, घरपोच देताना हे तोंडानंही सांगा. दुसरा धोका थंडीचा. २ ते ८ अंश पाहिजे म्हणून लोक कुपी थेट बर्फाच्या पिशवीला टेकवतात, ती गोठते आणि वाया जाते. बर्फाची पिशवी, मध्ये कापडाची किंवा पुठ्ठ्याची घडी, मग कुपी. गोठलेली वितळली की दिसायला ठीकच दिसते, म्हणून हे जास्त जपायचं.

---

बारकोड

बिलिंगबद्दल. लोक प्रिंटर, स्कॅनर, सॉफ्टवेअर सगळं एकदम आणतात आणि पहिल्याच आठवड्यात अडकतात, कारण संपूर्ण दुकानाचा साठा मोजायला बसतात. चालू दुकानात तो कधीच मोजून होत नाही. पहिल्या दिवशी दोनशे चालत्या वस्तू चढवा, बाकी जसजशा विकल्या जातील तशा. साठ्याचा आकडा पहिले दोन महिने उणे दिसणार, घाबरू नका, तो रकाना लपवून ठेवा. बिल बरोबर निघतंय का तेवढंच बघा.

प्रिंटर ५८ मिमीचा स्वस्त पडतो पण मराठी नाव, दर, एमआरपी एका ओळीत मावत नाहीत. किराण्याला ८० मिमीच घ्या. घेण्याआधी देवनागरी छापून बघा. काही प्रिंटरवर जोडाक्षरं फुटतात, कारण ते अक्षरं चित्र म्हणून न पाठवता स्वतःच्या फॉन्टमधून काढतात. सेटिंगमध्ये चित्र म्हणून छपाई निवडली की सुटतं, छापायला किंचित वेळ लागतो.

एकाच बारकोडवर दोन एमआरपीचा माल येतो, हा रोजचा त्रास. सॉफ्टवेअर स्कॅन केल्यावर विचारतं का ते आधी तपासा. न विचारता जुना भाव लावणारं घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्यांनी दर वस्तूवार हातानं भरले होते त्यांना सगळं उकरावं लागलं. ज्यांनी एचएसएन (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा कोड) गटावर दर लावला होता त्यांचं काम एका बैठकीत झालं.

सुट्या मालाला तीन आकडी कोड द्या, १०१ साखर, १०२ तूरडाळ असं, आणि यादी गल्ल्यावर चिकटवा. आणि बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक असायलाच हवा.

---

जमाखर्च

@बारकोड, जीएसटी निघालाच आहे तर: मालाच्या व्यापाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची उलाढाल. करमुक्त मालही त्या बेरजेत धरतात. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, त्या याच मुद्द्यावर. घरचे, नातेवाइकांचे पैसे दुकानाच्या क्यूआरवर घेऊ नका, ते उलाढालीसारखे दिसतात. एक फायदाही आहे: आयकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत डिजिटल जमेवर नफा ६ टक्के धरतात, रोखीवर ८.

---

चुरमुरे

भडंग बाहेरगावी पाठवणाऱ्यांसाठी. लॉकडाऊनमध्ये दुकानातली विक्री बसली तेव्हा पुणे-मुंबईच्या ऑर्डरी घ्याव्यात असं सगळ्यांनाच वाटलं, आणि पहिल्याच कुरिअर बिलानं डोळे पांढरे झाले. भडंग वजनाला हलकं, आकारानं मोठं. कुरिअरवाला आकाराचं वजन लावतो: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ३० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे १८०००, भागिले ५००० म्हणजे ३.६ किलो. आत माल फक्त २ किलो. पैसे ३.६ चे, बहुतेक ठिकाणी पुढच्या पूर्ण किलोचे.

उपाय: खोकं मालाच्या मापाचं करून घ्या, वर चार बोटं मोकळी जागा राहिली तरी तिचे पैसे पडतात. पाकीट दाबून हवा काढायची नाही, चुरमुरा चुरतो. रिकाम्या कोपऱ्यात हळद, बेदाणा अशी जड वस्तू विकता आली तर तेवढ्याच भाड्यात जाते. साताऱ्याच्या कंदी पेढेवाल्यांना हा आकाराचा त्रास नाही, त्यांना उन्हाचा आहे. खव्याचा माल शुक्रवारी पाठवला तर शनिवार-रविवार गोदामात पडतो. सोमवार ते बुधवारच काढावा.

पाकीट साध्या पिशवीचं नको, चकचकीत आतल्या थराचं हवं, नाहीतर पावसाळ्यात चौथ्या दिवशी मऊ. सीलची पट्टी आडवी ओढून बघा, तेलाचा अंश सीलच्या जागी लागला तर ती धरत नाही. भरताना नरसाळं वापरा, तोंड कोरडं राहतं. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, भरल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर लागतो.

ऑनलाइन बाजारपेठेच्या साइटवर विकायचं तर तेव्हा उलाढाल कितीही असो जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्यांना सवलत मिळाली. कर्नाटकात, गोव्यात पाठवायचं असेल तर ती लागू नाही.

---

वखारभाग

यंत्रं पुसण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) फवारून स्कॅनर आणि प्रिंटर मारणारे पुष्कळ होते. १ टक्का हायपोक्लोराइट फरशी, शटरचं हँडल, काउंटर यांच्यासाठी: ५ टक्क्यांचं मिळतं, त्यात एका भागाला चार भाग पाणी. रोज ताजं करायचं, आणि अ‍ॅसिडच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन निघतो. फोन, साउंडबॉक्स, कार्ड मशीन यांना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही मऊ कापडावर घेऊन, यंत्र बंद करून. थेट फवारा नको, बटणांतून आत जातो. थर्मल बिलाला सॅनिटायझरचा हात लागला की अक्षरं काळवंडतात किंवा उडतात. उधारीचं बिल असेल तर लगेच फोटो काढा.

---

आयर्विन_४५

सांगलीपुरता एक मुद्दा राहिला, तो महापुराचा. जुलै २०२१ मध्ये निर्बंध चालू असतानाच पाणी आलं. गणपती पेठ, मारुती रोडच्या दुकानांत २०१९ नंतर नव्यानं घेतलेले संगणक दुसऱ्यांदा बुडण्याच्या बेतात आले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका. ४० ला पोचायची वाट न बघता, कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की उधारी आणि साठ्याचा बॅकअप घ्यायचा.

बॅकअप दोन ठिकाणी: एक क्लाउडवर, एक पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह दुकानात नाही तर विश्रामबागेसारख्या उंच भागातल्या घरी. सीपीयू आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नका. उचलायचा क्रम: मेन स्विच बंद, मग यूपीएस, मग सीपीयू, मग प्रिंटर. मॉनिटर राहिला तरी चालेल. क्यूआरचा बोर्ड आणि साउंडबॉक्स बरोबर घ्या, दुकान बुडालं तरी टेम्पोवरून विक्री चालते.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

@आयर्विन_४५, फार मोलाचं. त्यात भर: बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नये. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा आणि तीन गिऱ्हाइकांची बाकी वहीशी पडताळा. पेनड्राइव्हवर फाइल दिसते, पण पासवर्ड कुणालाच आठवत नाही, किंवा सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती ती उघडत नाही. पासवर्ड कागदावर लिहून दुकानाच्या परवान्याच्या फाइलीत ठेवा, आणि ती फाइलही वरच्या मजल्यावर.

@शनिवार_पेठ, चौकटीवर लावून काय झालं ते कळवा. सिम कुठल्या कंपनीचं होतं तेही लिहा, जुन्या वाड्यांतल्या बाकीच्यांना उपयोगी पडेल.